टायरचा देश विचारू नका, कारखाना विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वस्त आणि अनोळखी टायरांपासून वाचकांना सावध करणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. हेतू चांगला आहे, पण लेखकाने वाचकाच्या हातात एकच कसोटी दिली आहे: टायर कुठल्या देशाचा ते बघा. चीनचा असेल तर दुकानातून बाहेर पडा, जपान-युरोपचा असेल तर डोळे मिटून बसवा. सोबत ‘टाळावेत असे’ ब्रँड म्हणून नावांची एक यादीही जोडली आहे.

माझी नोकरी टायर कारखान्यात झाली. सुरुवातीला प्रयोगशाळेत रबराच्या पट्ट्या ताणून तोडायचं काम होतं, पुढे बरीच वर्षं तक्रार विभागात. ग्राहकाकडून परत आलेला टायर उभा-आडवा कापायचा, थर मोजायचे, फाट कुठून सुरू झाली ते शोधायचं आणि दोष कारखान्याचा की वापरणाऱ्याचा ते लिहून द्यायचं. त्या टेबलावर देशाच्या नावावरून टायरचा निकाल लागलेला मी पाहिला नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे खरं. जागेअभावी कापावं लागलं तर हा परिचय कापा, पुढचे आकडे राहू द्या.

आधी नावांबद्दल. टायरच्या कडेवर जे नाव मोठ्या अक्षरात असतं ते विकलं जातं, विकत घेतलं जातं, भाड्याने दिलं जातं. युनिरॉयल हे नाव घ्या. युरोपात ते १९७९ पासून जर्मनीच्या कॉन्टिनेंटलकडे आहे आणि अमेरिकेत ते फ्रान्सच्या मिशेलिनकडे. एकच नाव आणि दोन कट्टर प्रतिस्पर्धी. डनलॉपची गोष्ट तर त्याहून गुंतागुंतीची. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं, त्यांच्या नावाने उद्योग उभा राहिला आणि पुढे त्या नावाचे इतके तुकडे झाले की वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्या ते वापरत राहिल्या. ‘डनलॉप कसा आहे हो?’ या प्रश्नाला, कोणत्या देशात आणि कोणत्या काळातला हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

उलट्या दिशेने बघा. बारुम, सेम्पेरिट, माताडोर, गिस्लावेड ही नावं पुष्कळांनी ऐकलेली नसतील. हे सगळे कॉन्टिनेंटलच्या घरातले आहेत. क्लेबर, टिगार, कोर्मोरान, रिकेन ही मिशेलिनची भावंडं. साव्हा, फुल्डा, देंबिका गुडइयरची. लॉफेन हँकूकचा, रोडस्टोन नेक्सनचा. आपल्या लेखातल्या ‘टाळावेत’ यादीत यांपैकी दोन नावं आहेत. लेखकाने त्यांचा मालक शोधला असता तर यादी छापण्याआधी एकदा विचार केला असता असं वाटतं.

म्हणजे मोठ्या घरातला धाकटा ब्रँड डोळे मिटून घ्यावा का? तसंही म्हणत नाही. धाकट्या ब्रँडला बहुतेकदा थोरल्याची मागच्या पिढीची नक्षी आणि रबराचं साधं मिश्रण मिळतं. नक्षी जुनी असणं यात वाईट काही नाही, पाच-सात वर्षांपूर्वी तीच उत्तम म्हणून विकली जात होती. खरा फरक मिश्रणात असतो, आणि तो दुकानात उभं राहून डोळ्यांना दिसत नाही.

इथे एक समज खोडायला हवा, कारण विक्रेते तो फार वापरतात: ‘घ्या बिनधास्त, अमक्या मोठ्या कंपनीच्याच कारखान्यात बनतो.’ बनत असेल. पण एकाच शिंप्याकडे शिवले म्हणून खादीचा आणि रेशमाचा सदरा एक होत नाही. कारखान्याकडे मिक्सर असतात, टायर बांधायची यंत्रं असतात, टायर साच्यात शिजवणारे क्युरिंग प्रेस असतात. त्या यंत्रांत काय घालायचं, किती थर द्यायचे, किती मिनिटं शिजवायचं आणि कुठल्या टायरला तपासणीत नापास करायचं हे ज्याचा ब्रँड आहे त्याच्या कागदावर ठरतं. त्याच प्रेसमधून सकाळच्या पाळीत एका नावाचा आणि रात्रीच्या पाळीत दुसऱ्या नावाचा टायर निघू शकतो, आणि दोघांचं ओल्या रस्त्यावरचं वागणं अगदी वेगळं असू शकतं. चांगला कारखाना चुका कमी करतो, सांधे नीट जुळवतो, तारांचे पट्टे मधोमध बसवतो. पण पाककृतीच स्वस्तातली असेल तर तो ती स्वस्तातलीच पाककृती व्यवस्थित राबवतो.

आता देशाकडे येते. सर्बियातल्या पिरोत गावी टिगारचा कारखाना आहे, तो मिशेलिनचा. त्याच सर्बियात झ्रेन्यानिन शहरात लिंगलाँग या चिनी कंपनीने मोठा कारखाना उभारला आहे. दोन्हीकडच्या टायरवर ‘सर्बियात बनलेला’ असंच लिहिलेलं असणार. आपल्या लेखकाच्या कसोटीवर दोन्ही युरोपचे! थायलंडच्या रायोंग प्रांतात कॉन्टिनेंटल, जपानची सुमितोमो आणि चीनची झेडसी रबर अशा तिघांचेही कारखाने आहेत. आणि खुद्द चीनमध्ये शेनयांगला मिशेलिन, हफेईला कॉन्टिनेंटल, यानचोऊला पिरेली टायर बनवतात. पिरेलीत तर २०१५ पासून चिनी सरकारी कंपनीचा मोठा हिस्सा आहे, आणि कुमहो हा कोरियन ब्रँड २०१८ मध्ये चीनच्या डबलस्टारच्या ताब्यात गेला. ‘चीनचा टायर’ म्हणजे यांतला नेमका कोणता?

देशावरून तुच्छतेने बोलायची सवय जुनी आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात हेच बोलणं कोरियन टायरांबद्दल ऐकू यायचं, आणि माझ्या आधीच्या पिढीने ते जपानी मालाबद्दल ऐकलं होतं. आज नेक्सनचे टायर पोर्शच्या कायेनवर कारखान्यातूनच बसून येतात. गाडी बनवणारी कंपनी जेव्हा एखादा टायर मूळ गाडीवर घेते तेव्हा तो महिनोन्‌महिने तपासते, कारखान्यात माणसं पाठवते, नमुने नापास करते. अनोळखी ब्रँडच्या बाबतीत मी पहिला प्रश्न हाच विचारते: ही कंपनी कुठल्या गाडीवाल्याला मूळ टायर पुरवते का? उत्तर ‘हो’ असेल तर कारखान्यात शिस्त आहे याचा तो बऱ्यापैकी पुरावा आहे. मात्र गाडीला दिलेला टायर आणि त्याच नावाने दुकानात विकलेला टायर आतून एकच असेल असं नाही. बीएमडब्ल्यूसाठी कडेवर तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, पोर्शसाठी ‘एन’ आणि आकडा अशा खुणा असतात त्या त्यासाठीच.

भाचा मला टायरचे फोटो पाठवतो आणि विचारतो, ‘मावशी, हा घेऊ का?’ फोटो दरवेळी नक्षीचा. सगळ्यांचे तसेच असतात. नक्षी बघून मला फार काही सांगता येत नाही, कारण चांगल्या नक्षीची नक्कल करणं हे टायरच्या धंद्यातलं सर्वांत सोपं काम आहे. नखाने रबर दाबून बघणं, वास घेणं, कडेवरचे रबरी केस नवेपणाची खूण म्हणून मिरवणं, हातात घेऊन ‘चांगला जड आहे’ म्हणणं, यातलं काही कामाचं नाही. ते केस म्हणजे साच्यातली हवा निघून जायला ठेवलेल्या भोकांतून आलेलं रबर, एवढंच. जड टायर म्हणजे मजबूत टायर असंही नाही, कित्येकदा ते फक्त जास्तीचं रबर असतं आणि ते इंधन खातं. मी भाच्याला म्हणते, कडेचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा, बॅटरी लावून.

दोन्ही बाजूंचा यासाठी की ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारा पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला तो अर्धवट सोडलेला दिसतो आणि टायर बसवताना नेमकी पूर्ण बाजू आत गेली की गिऱ्हाईकाला वाटतं तारीख लपवली. त्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३४२३ म्हणजे २०२३ सालचा चौतिसावा आठवडा. हे आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. क्वचित कुठे शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाआधीचा. स्टेपनी म्हणूनही तो ठेवू नका.

पण त्याच क्रमांकाच्या सुरुवातीला असलेल्या दोन किंवा तीन अक्षरांकडे कोणी बघत नाही, आणि आपल्या लेखात ज्याबद्दल ‘ग्राहकाला कळायला मार्गच नाही’ असं म्हटलं आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. तो कारखान्याचा संकेत. कंपनीचा नव्हे, त्या विशिष्ट कारखान्याचा. अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा, एनएचटीएसए, जगभरच्या कारखान्यांना हे संकेत देते आणि त्यांची यादी सर्वांसाठी खुली ठेवते. पूर्वी संकेत दोन अक्षरांचा असे. जोड्या संपत आल्या म्हणून २०१५ च्या नियमाने तो तीन अक्षरांचा केला आणि जुन्या कारखान्यांच्या दोन अक्षरांच्या आधी १ हा आकडा लावला. यादीत संकेत टाकला की कारखान्याचं नाव, गाव आणि मालक समोर येतो. टायरच्या कडेवर ब्रँडचं नाव इटालियन वाटेल असं ठेवता येतं, जर्मन वाटेल असं ठेवता येतं. संकेत तसा नटवता येत नाही.

यातूनच कळतं की काही ब्रँडांना स्वतःचा कारखानाच नाही. ते आराखडा देतात किंवा तयार माल निवडतात, आणि टायर आज या कारखान्यात, उद्या त्या कारखान्यात बनवून घेतात. यात बेकायदा काही नाही. पण गेल्या वर्षी शेजाऱ्याने घेतलेला ‘तोच’ टायर आणि तुम्ही आज घेताय तो टायर यांचा संकेत वेगळा असेल तर शेजाऱ्याचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही. एकाच गाडीसाठी घेतलेल्या चार टायरांत दोन वेगळे संकेत दिसले तर मी तरी दुकानदाराला बदलून द्यायला सांगेन, निदान एका आसावर एकाच कारखान्याची जोडी.

दुसरी खूण वर्तुळातल्या ‘ई’ची. शेजारी आकडा असतो. ई १ जर्मनी, ई २ फ्रान्स, ई ३ इटली, ई ४ नेदरलंड्स, ई ११ ब्रिटन. इथे विक्रेते सर्रास फसवतात, काही वेळा अजाणता. ‘बघा, ई ४ आहे, म्हणजे हॉलंडचा माल.’ तो आकडा टायरला मंजुरी कुठल्या देशाच्या यंत्रणेने दिली ते सांगतो. टायर बनला कुठे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. चिनी टायरला डच मंजुरी असणं ही रोजची गोष्ट आहे. तरीही ही खूण निरुपयोगी नाही. ती असेल तर टायरने संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतल्या चाचण्या पार केलेल्या असतात, आणि मंजुरी क्रमांकापाठोपाठ एस, डब्ल्यू, आर ही अक्षरं असतील तर आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि घरंगळताना होणारा विरोध यांच्या मर्यादाही त्याने पाळलेल्या असतात. भारतातली आयएसआय, चीनची सीसीसी या खुणाही अशाच किमान पात्रतेच्या. वर्गात पास झाल्याचा दाखला आहे, पहिल्या नंबराचा नाही.

तिसरी ओळ सर्वांत बारीक अक्षरात असते आणि माझी आवडती आहे. नक्षीखाली कुठल्या द्रव्याचे किती थर आहेत ते तिथे लिहिलेलं असतं: एक पॉलिस्टर, दोन स्टील, एक पॉलिअमाइड किंवा नायलॉन, अशा स्वरूपात. पोलादी तारांच्या दोन पट्ट्यांवरून गुंडाळलेला हा नायलॉनचा थर जोरात फिरताना पट्ट्यांच्या कडा उचलल्या जाऊ नयेत म्हणून असतो. सगळ्याच टायरांना तो असतो असं नाही आणि हळू चालणाऱ्या छोट्या गाडीला तो नसला तरी चालतं. पण एकाच मापाचे दोन अनोळखी टायर समोर असतील, एकावर नायलॉन लिहिलेलं असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर जलद रस्त्यावर गाडी नेणाऱ्याने कुठला उचलायचा हे वेगळं सांगायला नको.

पट्ट्यांच्या कडांवर मी इतकी का अडते? तक्रार विभागातल्या टेबलावर आलेल्या सर्वांत वाईट टायरांची फाट तिथूनच सुरू झालेली असायची. तार आणि रबर यांची बांधणी कडेला सर्वांत जास्त ताण सोसते. हवा कमी असली की टायर तिथे सारखा दुमडतो, तापतो, रबर तारेपासून सुटत जातं आणि एक दिवस नक्षीचा आख्खा पट्टा सोलून निघतो.

या दोषाची दोन प्रकरणं जगाला माहीत आहेत, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तर आपल्या लेखातली कसोटी तिथेच मोडते.

पहिलं फायरस्टोनचं. शंभर वर्षांचं अमेरिकन नाव, १९८८ पासून जपानच्या ब्रिजस्टोनच्या मालकीचं. म्हणजे देश बघायचा तर अमेरिका आणि जपान, दोन्हींचा शिक्का. ऑगस्ट २००० मध्ये या कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. त्यांतले पुष्कळसे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. एनएचटीएसएने २७१ मृत्यूंचा संबंध या टायरांच्या बिघाडाशी जोडला. पट्टे सुटून नक्षी सोलली जात होती आणि उंच गाड्या उलटत होत्या. हवेचा दाबही वादात सापडला. फोर्डने २६ पीएसआय सुचवला होता, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवा. पण तपासात पुढे आलेली आणि माझ्यासारखीला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की इलिनॉयमधल्या डेकेटर कारखान्यात बनलेले टायर जास्त प्रमाणात निकामी होत होते. नाव तेच, माप तेच, कारखाना वेगळा. कडेवरच्या त्या दोन अक्षरांना तेव्हा जगभर किंमत आली, पुढे ती पुन्हा विसरली गेली. टायरमधली हवा कमी झाल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याची अमेरिकेतली सक्ती या प्रकरणानंतर झालेल्या कायद्यातून आली.

दुसरं प्रकरण २००७ चं. चीनमधल्या हांगचोऊच्या एका मोठ्या उत्पादकाचे, म्हणजे आज झेडसी रबर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे, व्हॅन आणि हलक्या ट्रकचे टायर न्यू जर्सीतला एक छोटा आयातदार अमेरिकेत विकत होता. वेस्टलेक हे त्यांतलं एक नाव. पट्ट्यांच्या मध्ये असणारी रबराची पातळ पट्टी काही टायरांत नाही किंवा पुरेशी जाड नाही, असं त्या आयातदाराने सरकारला कळवलं. सुरुवातीला साडेचार लाख टायरांची चर्चा झाली, शेवटी सुमारे अडीच लाख परत बोलावले. उत्पादकाने दोष नाकारला. आणि आयातदाराने सांगितलं की एवढे टायर बदलून द्यायचे तर आमचं दिवाळं निघेल.

दोष दोन्हीकडे जवळपास सारखा, रचनेतही त्याच जागी. फरक पुढे पडला. फायरस्टोनमागे ब्रिजस्टोन उभी होती आणि तिने टायर बदलून दिले. दुसऱ्या प्रकरणात कायद्याने जबाबदार असलेला माणूस एका गोदामाचा मालक होता. अनोळखी टायर घेताना खरा धोका मला इथे दिसतो. टायर वाईटच असेल असं मुळीच नाही. तो बिघडला तर उत्तर द्यायला कोण आहे, आणि त्याच्यात ते द्यायची ताकद आहे का, हे मात्र दुकानातच विचारून घ्यायला हवं.

आता दर्जाच्या आकड्यांबद्दल थोडं, कारण लेखात ‘ट्रेडवेअर ४०० पेक्षा जास्त असलेला घ्या’ असा सल्ला आहे. नक्षी किती टिकेल ते सांगणारा हा आकडा अमेरिकेच्या पद्धतीतला. टेक्ससमधल्या सॅन अँजेलो भोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवर ७,२०० मैल गाड्या पळवतात, एका ठरावीक नमुना टायरला १०० मानतात आणि त्याच्याशी तुलना करून झिजेचा अंदाज बांधतात. पण शेवटी कडेवर कुठला आकडा छापायचा ते उत्पादक ठरवतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो चालतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या टायरांत तो भरवशाचा नाही, आणि अनोळखी ब्रँडवर भला मोठा आकडा दिसला तर मला आनंद होण्याऐवजी शंका येते. फार टिकणारं रबर सहसा कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. झीज, ओली पकड आणि इंधनाची बचत ही तीन टोकं एकमेकांना ओढतात, एक वाढवलं की दुसरं ढिलं पडतं. १९९० च्या दशकात मिशेलिनने काजळीच्या जागी सिलिका मोठ्या प्रमाणात वापरायला सुरुवात केली तेव्हा ही ओढाताण काहीशी सैल झाली. पण सिलिका रबरात मिसळायला दोघांना जोडणारं सिलेन हे रसायन लागतं, तापमान काटेकोर सांभाळावं लागतं, मिक्सरचा वेळ जास्त जातो. पैसे वाचवायचे असतील तर कारखाना सर्वांत आधी इथेच वाचवतो. म्हणूनच स्वतंत्र चाचण्यांत स्वस्त टायर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी उभे राहतात आणि पाण्यावर ब्रेक मारला की मागे पडतात.

त्यामुळे ओल्या पकडीची श्रेणी मी आधी बघते. युरोपात मे २०२१ पासून नव्या लेबलवर ती ए ते ई अशी असते, शेजारी इंधनाची श्रेणी आणि आवाजाचे डेसिबल असतात, आणि एक क्यूआर चौकोन असतो. तो स्कॅन केला की युरोपीय संघाच्या नोंदवहीत त्या टायरचं पान उघडतं. टायर तुम्ही युरोपाबाहेर घेत असलात तरी तोच नमुना, तेच माप तिथे शोधता येतं. मात्र कडेवरचा कारखान्याचा संकेत जुळतोय का हे बघूनच निष्कर्ष काढा. ही श्रेणीही उत्पादक स्वतः जाहीर करतो, पण खोटी निघाली तर पकडणारी यंत्रणा तिथे आहे, हा मोठा फरक. आणि ती नव्या टायरची असते. निम्मा झिजल्यावर तो कसा वागेल ते चौकोनात नाही.

जर्मनीचा वाहनधारकांचा क्लब एडीएसी, स्वित्झर्लंडचा टीसीएस, अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स हे स्वतः टायर विकत आणून चाचण्या घेतात. त्यांचे निकाल जरूर वाचावेत, फक्त माप बघून. २०५/५५ आर १६ मधला निकाल त्याच नावाच्या १४ इंची टायरला लागू होत नाही. मापानंतरच्या ‘९१ व्ही’सारख्या खुणेबद्दल फार लिहीत नाही. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. गाडीच्या पुस्तिकेत आहे त्याहून कमी आकडा घेऊ नये, टायर कितीही नामांकित असला तरी.

अनोळखी टायर घेतलाच तर बॅलन्सिंगच्या वेळी तिथून हलू नका. टायरवर पिवळा आणि लाल ठिपका असतो. पिवळा सर्वांत हलकी जागा दाखवतो, लाल ठिपका फिरताना टायर सर्वांत जास्त कुठे रेटतो ती जागा. पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ आणून बसवायला सांगा. मग चाकाला किती ग्रॅम वजन चिकटवावं लागतं ते बघा. चारांपैकी एकालाच इतरांच्या कैक पट वजन लागलं तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. तरीही तेवढंच लागलं तर तो टायर परत करा. मशीनवर हळू फिरताना नक्षी डावी-उजवी डुलत असेल तर वजन कमी लागलं तरी परत करा. मोठ्या कारखान्यात असे टायर गिऱ्हाईकापर्यंत पोचत नाहीत, तपासणीतच अडवले जातात. ते दुकानापर्यंत पोचत असतील तर त्या कारखान्याच्या तपासणीबद्दल जे कळायचं ते तिथेच कळलं.

शेवटी दोन मागण्या. विक्रेत्यांनी बिलावर फक्त ‘टायर, नग चार’ न लिहिता ब्रँड, नमुना, माप आणि प्रत्येक टायरचा पूर्ण डॉट क्रमांक लिहावा. पाच मिनिटांचं काम आहे. उद्या एखादा माल परत बोलावला गेला तर आपला टायर त्यात आहे का हे बिल काढून घरबसल्या बघता येईल, चाक सोडवून आतली बाजू वाचत बसावं लागणार नाही. आणि आयातदाराचं नाव-पत्ताही त्याच बिलावर हवा.

दुसरी मागणी आपल्याकडे. ‘टाळावेत असे’ टायरांची यादी पुन्हा छापायचा विचार असेल तर प्रत्येक नावापुढे मालक कोण, कारखान्याचा संकेत काय, कुठल्या मापात कोणी चाचणी घेतली आणि ओल्या पकडीची श्रेणी काय मिळाली, एवढे रकाने भरून छापा. ज्या नावापुढचे रकाने भरता येणार नाहीत ते यादीत घेऊ नका. मला पाठवलीत तर कारखान्याच्या संकेतांचा रकाना मी भरून देईन.

आपली नियमित वाचक,
टायर कारखान्याच्या तक्रार तपासणी विभागातून निवृत्त